चकतीभोवतीचं अंगण

काल रात्रीपर्यंत बाटलीतला द्रव मधासारखा नितळ होता. तळाशी रक्ताचा तांबडा थर बसलेला आणि वर पिवळसर पारदर्शक पाणी. आज सकाळी तेच पाणी गढूळ झालं होतं, तांदळाच्या धुवणासारखं. प्रयोगशाळेतल्या ताईंनी बाटली खिडकीसमोर धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "ग्रोथ आली."

बाटली सात नंबरच्या खाटेवरच्या मुलाची. वय १९, गवंड्याच्या हाताखाली कामाला, ८ दिवसांपासून ताप. सोमवारी संध्याकाळी तो या रुग्णालयात आला, तेव्हा पहिलं इंजेक्शन देण्याआधी सिस्टरनी त्याच्या दंडातून रक्त काढून या बाटलीत भरलं होतं. आज बुधवार. शेजारी आणखी एक बाटली होती, खूपच लहान. तिच्यात २ दिवसांच्या एका मुलीचं जेमतेम १ मिलिलिटर रक्त होतं, आज पहाटे काढलेलं. ती बाटली नितळ होती. ताईंनी तिला पुन्हा ३७ अंशांच्या उबदार कपाटात ठेवलं. या दोन बाटल्यांचं पुढे काय होतं ते बघायलाच मी तिथे थांबले होते.

तालुक्याच्या गावातलं हे सेवाभावी रुग्णालय. बाटलीत जंतू वाढले की आपोआप शिट्टी देणारं यंत्र इथे नाही. आहे ते एक सूक्ष्मदर्शक, एक उबदार कपाट, एक फ्रीज, बर्नर, आणि ताईंचे डोळे. आपल्याकडच्याच नव्हे, आफ्रिका-आशियातल्या असंख्य लहान रुग्णालयांमध्ये एवढंही नसतं. तिथे तापाने फणफणलेला माणूस आला की डॉक्टरांपुढे एकच वाट उरते: अंदाज करायचा आणि सलाईन लावून अँटिबायोटिक चालू करायचं. वॉर्डातल्या भाषेत याला "कव्हर देणं" म्हणतात. पाऊस येईल की नाही ठाऊक नसताना छत्री उघडून ठेवावी, तसं.

त्या डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. रक्तात जंतू शिरले असतील आणि औषध उशिरा गेलं, तर माणूस हातचा जातो. त्या मुलाच्या आईसमोर उभं राहून "थोडं थांबून बघू" म्हणायला छाती लागते, आणि ती छाती हातात काहीतरी पुरावा असला तरच येते. पुरावा नसेल तिथे औषधच उत्तराची जागा घेतं. पहिल्या औषधाने दोन दिवसांत ताप उतरला नाही की "हायर अँटिबायोटिक", मग त्याहून वरचं. २०१९ या एका वर्षात, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जगभराचा अंदाज १२ लाख ७० हजारांच्या घरात जातो. त्यातले कितीतरी मृत्यू या शिडीच्या वरच्या पायरीवर झालेले आहेत, जिथे पुढे पायरीच नसते.

पण मला सांगायचंय ते या भीतीबद्दल नाही. ताईंच्या ओट्यावर जे चालतं ते किती अद्भुत आहे, आणि किती साध्या वस्तूंनी चालतं, ते सांगायचंय.

आधी त्या बाटलीचाच विचार करा. विषमज्वराच्या रुग्णाच्या १ मिलिलिटर रक्तात, म्हणजे साधारण वीसेक थेंबांत, जिवंत जंतू किती असतील? लाखो वाटतील. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एखाद-दुसराच असतो. कधी तोही नसतो, आणि जे असतात त्यातले बरेचसे पांढऱ्या पेशींच्या पोटात दडून बसलेले. १९ वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या पोराला अंथरुणाला खिळवणारा शत्रू रक्तात इतका विरळ! म्हणून तर रक्त भरपूर घ्यावं लागतं. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलिटर. नातेवाईक कुरकुरतात, "एवढं रक्त कशाला?" पण कमी रक्त घेणं म्हणजे विहिरीत हरवलेली अंगठी तांब्याने शोधणं.

बाटलीत त्या एखाद-दुसऱ्या जंतूला आपण पाहुणचार करतो. अन्न आणि ऊब तर देतोच, पण एक संरक्षणही देतो. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातली मारक द्रव्यं लगेच थंडावत नाहीत. ती बाटलीतही जंतूंवर तुटून पडतात. म्हणून बाटलीत असं एक रसायन घातलेलं असतं, जे रक्ताला गोठू देत नाही आणि आपल्याच शरीराच्या या सैन्याला तेवढ्यापुरतं नि:शस्त्र करतं. शत्रूला ओळखायचं तर आधी त्याला जगवायला लागतं!

मग जंतू वाढू लागतो. एकाचे दोन, दोनाचे चार. खाणं आणि ऊब मनासारखी मिळाली तर काही जातींना दुप्पट व्हायला २० मिनिटं पुरतात. या हिशेबाने एका जंतूचे १० तासांत १०७ कोटींहून जास्त होतात. रक्तातून नुकत्याच आलेल्या, दमलेल्या जंतूला सुरुवातीला रुळायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात एक-दोन दिवस जातात. पण ताईंनी खिडकीसमोर धरलेल्या बाटलीतला तो गढूळपणा म्हणजे, जे सोमवारी कुठल्याही भिंगाखाली सापडलं नसतं, ते बुधवारी नुसत्या डोळ्यांना दिसू लागलं होतं.

ताईंनी सुईने एक थेंब काढून काचपट्टीवर पसरला, वाळवला, पट्टी ज्योतीवरून तीनदा झर्रकन फिरवली. मग जांभळा रंग ओतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबल्या. पाणी. मग आयोडीन, पुन्हा मिनिटभर. पाणी. नंतर स्पिरिट, आणि इथे त्या मोजत होत्या ते सेकंद. स्पिरिट जास्त वेळ राहिलं तर सगळाच रंग धुऊन जातो. शेवटी सॅफ्रानिन नावाचा लालसर रंग. त्यांची बोटं जांभळी झाली होती. "हळदीसारखा सहज जात नाही हा," म्हणाल्या, "चार दिवस राहतो. घरी मुलगी हसते."

ही कृती १८८४ सालची आहे. हान्स क्रिश्चन ग्रॅम नावाचा डॅनिश डॉक्टर तेव्हा बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्या हाताखाली शहराच्या रुग्णालयातल्या शवागारात काम करत होता. न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांचे पातळ काप करून तो जंतू शोधायचा. अडचण अशी की रंग लावला की जंतूही रंगायचे आणि फुप्फुसाच्या पेशीही. त्याला पेशींचा रंग उतरवून जंतूंचा टिकवायचा होता. आयोडीन आणि अल्कोहोलने ते साधलं, पण काही जंतूंचा रंगही पेशींबरोबर धुऊन जायचा. ग्रॅमला ही आपल्या रीतीतली उणीव वाटली. रीत अपुरी आहे, सदोष आहे, हे त्याने आपल्या लेखात मोकळेपणाने लिहून ठेवलं. आणि पुढे तीच उणीव वैद्यकातली सर्वांत उपयोगी खूण ठरली. ज्या जंतूंच्या अंगावर जाडजूड भिंत असते ते आयोडीनने घट्ट झालेला जांभळा रंग आत कोंडून धरतात. ज्यांची भिंत पातळ, त्यांचा रंग स्पिरिटबरोबर वाहून जातो आणि नंतरचा लाल रंग त्यांच्यावर चढतो. तो दुसरा रंग वापरायची युक्ती पुढे कार्ल वायगर्ट यांनी दिली. जांभळा की गुलाबी, एवढ्यावर जीवाणूंच्या साम्राज्याचे दोन तट पडतात, आणि कुठलं औषध कुणाची भिंत ओलांडू शकेल याचा पहिला कौल मिळतो. या सगळ्याला लागतात दहा मिनिटं आणि चार बाटल्या रंग.

ताईंनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला दिलं. आधी नुसता लालसर धुरळा. स्क्रू किंचित फिरवल्यावर धुरळ्यातून ते वर आले: गुलाबी, काटकुळे, तांदळाच्या कणीसारखे. मुलाच्या आठ दिवसांच्या तापाचं कारण मी प्रत्यक्ष बघत होते. अंगावर सर्रकन काटा आला.

त्या मुलाच्या पिशवीत आधीच तीन कागद होते, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या "विडाल पॉझिटिव्ह"चे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात तापाच्या पेशंटकडे हा कागद सापडतोच. फेर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये ही तपासणी मांडली. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेली प्रतिद्रव्यं शोधते. आणि जिथे विषमज्वराचं पाणी पिऊनच माणसं मोठी होतात, तिथे ती प्रतिद्रव्यं धडधाकट माणसातही सापडतात, दुसऱ्याच एखाद्या आजारात वाढलेलीही दिसतात. एकट्या विडालवर विषमज्वराचा शिक्का मारणं म्हणजे एखाद्याविरुद्ध पोलिसांकडे जुनी तक्रार आहे म्हणून आजच्या चोरीत त्यालाच धरून नेणं. माझ्याच घरात एकदा असा शिक्का बसला होता. चौदा दिवसांच्या गोळ्या संपल्यावर कळलं, तो डेंगी होता. डेंगीचा विषाणू अँटिबायोटिकला ओळखतसुद्धा नाही.

बुधवारी दुपारी ताईंनी बाटलीतल्या थेंबाची थाळ्यांवर रेघोट्यांची रांगोळी काढली. या थाळ्यांमधल्या जेलीची गोष्ट मला फार आवडते. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला जंतू उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवत, मग जिलेटिनवर. पण जिलेटिन शरीराच्या उबेत वितळतं, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकतात. तिथे काम करणारे वाल्थर हेसे उन्हाळ्यात यामुळे हैराण झाले. त्यांची पत्नी फॅनी हेसे त्यांच्या कामात चित्रं काढून मदत करायची. नवऱ्याने एकदा तिला विचारलं, तुझ्या जेली आणि पुडिंगं उन्हाळ्यातही कशी टिकतात? ती त्यात अगर घालायची. समुद्री शेवाळापासून निघणाऱ्या अगरची ओळख तिला लहानपणी न्यूयॉर्कमध्ये जावाहून आलेल्या शेजाऱ्यांकडून झाली होती. १८८१ मध्ये ते स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत आलं. उकळत्या पाण्यात विरघळतं, चाळिशीच्या आसपास आवळतं, आणि एकदा आवळलं की ३७ अंशांच्या उबेत ढिम्म हलत नाही. बहुतेक जंतूंना ते खाताही येत नाही. आपल्याकडे किराणा दुकानात "चायना ग्रास" म्हणून मिळतं, ज्याचं दुधातलं पुडिंग उपवासाला चालतं की नाही यावर घराघरांत वाद होतात, ते हेच. गेली एकशे चाळीस वर्षं जगातल्या असंख्य जंतूंची ओळख फॅनीबाईंच्या या जेलीवर पटवली जाते. त्या जेलीला मात्र तिचं नाव मिळालं नाही. थाळीला पेट्रींचं नाव मिळालं.

गुरुवारी सकाळी थाळीवर बारीक, बिनरंगी ठिपके उगवले होते. एकेक ठिपका म्हणजे एकाच पूर्वजाची कोट्यवधींची वस्ती. पोटातले इतर नेहमीचे जंतू या थाळीवर गुलाबी होतात, हे रंगहीन राहिले, म्हणजे संशय विषमज्वराचाच. काही चाचण्यांनी दुपारपर्यंत तो पक्का झाला.

आता खरा प्रश्न. याला मारेल कोण?

ताईंनी दोन-तीन ठिपके खारट पाण्यात कालवले. किती कालवायचे, याचं माप ठरलेलं आहे. कागदावर काळ्या रेघा असतात. एका हातात ठरावीक गढूळपणाची बंद नळी, दुसऱ्या हातात आपली. दोन्हींमधून रेघा सारख्याच अंधुक दिसल्या की बरोबर. एवढ्या साध्या नजरेच्या मापातून प्रत्येक मिलिलिटरला १५ कोटींच्या आसपास जंतू धरता येतात! मग कापसाचा बोळा त्यात बुडवून अख्ख्या थाळीवर तीन दिशांनी फिरवला. एक तसूभरही जागा मोकळी राहता कामा नये. शेवटी चिमट्याने कागदाच्या चकत्या ठेवल्या. पंचच्या यंत्रातून पडाव्यात तेवढ्या, ६ मिलिमीटरच्या. प्रत्येक चकतीत एका अँटिबायोटिकची मोजून घातलेली मात्रा. थाळी उलटी करून कपाटात ठेवली. रात्रभर.

ही रीत सिएटलच्या बाउअर, कर्बी, शेरीस आणि टर्क यांनी १९६६ मध्ये नीट बांधून दिली. रात्री कपाटात काय घडतं ते डोळ्यांपुढे आणून बघा. चकतीतलं औषध जेलीत चहूबाजूंना झिरपत निघालेलं असतं, कागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखं, केंद्राशी दाट आणि दूर विरळ. त्याच वेळी जेलीवर जंतू दुप्पट, चौपट होत असतात. ही शर्यत आहे. जिथे औषध वेळेत पुरेसं पोचलं, तिथे जंतू उगवतच नाहीत. जिथे ते पोचेपर्यंत वस्ती दाट झाली, तिथे उशीर झाला. सकाळी थाळीवर पांढुरकं गवत माजलेलं असतं आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ सारवलेलं गोल अंगण. अंगणाची कड म्हणजे शर्यत निकाली लागलेली ती नेमकी जागा, कायमची गोठवलेली. पट्टीने अंगणाचा व्यास मोजायचा आणि तक्त्यात बघायचं. मोठं अंगण, औषध चालेल. चकतीला चिकटून गवत, औषध निरुपयोगी. फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये बुरशीभोवती मरून गेलेल्या जंतूंचं जे अंगण पाहिलं, त्यातूनच अँटिबायोटिकचं युग सुरू झालं. आज तेच दृश्य आपण प्रत्येक रुग्णासाठी मुद्दाम घडवून आणतो, तेही कागदाच्या टिकल्यांनी.

साधं आहे, पण सोपं नाही. जेली ४ मिलिमीटरच जाड हवी. पातळ झाली तर अंगण खोटंच मोठं दिसतं. चकत्या थंडीत ठेवाव्या लागतात, आणि फ्रीजच्या विजेचा काही भरवसा नसतो. उतरलेली चकती चांगल्या औषधाला वाईट ठरवते आणि डॉक्टर उगाच वरची पायरी चढतात. म्हणून ताई ज्याची सगळी उत्तरं आधीच ठाऊक आहेत असा एक ओळखीचा जंतू बाळगतात आणि अधूनमधून त्याच्यावर चकत्यांची परीक्षा घेतात. मिलिमीटर मोजायलाही सराव लागतो. माणसांची वाण आहे तिथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या फाउंडेशनने मोबाइलवरचं एक मोफत ॲप बनवलंय, अँटिबायोगो. थाळीचा फोटो काढायचा, ॲप अंगणं मोजतं आणि अर्थ लावायला मदत करतं, इंटरनेट नसतानाही. मालीतल्या कुतियालासारख्या ठिकाणच्या रुग्णालयात ते वापरात आलं. याच संस्थेने पेट्यांमध्ये भरून नेता येईल अशी अख्खी जंतू-प्रयोगशाळाही तयार केली आणि २०२० मध्ये हैतीत उभी केली.

मात्र तपासणी आली की अँटिबायोटिक आपोआप कमी होतात, असं मी समजत होते. तसं नाही. हिवतापाची झटपट पट्टी आफ्रिका-आशियात गावोगाव पोचली तेव्हा हिवतापाची औषधं कमी दिली गेली, हे उत्तम झालं. पण ज्यांची पट्टी निगेटिव्ह आली त्यांना अनेक ठिकाणी अँटिबायोटिक जास्त दिली गेली! कारण पट्टीने सांगितलं "हिवताप नाही". मग काय आहे, ते नाही सांगितलं. ताप समोर तसाच. मोकळी जागा दिसली की औषध तिथे येऊन बसतं.

त्या मोकळ्या जागेत दुसरं काय ठेवता येईल? व्हिएतनामच्या उत्तर भागात १० प्राथमिक केंद्रांमध्ये करून बघितलं. सर्दी-खोकल्याने आलेल्या दोन हजारांहून थोड्या अधिक लोकांपैकी निम्म्यांची बोटातल्या थेंबभर रक्तावर सीआरपी तपासली. यकृतात तयार होणारं हे प्रथिन शरीरात दाह पेटला की झपाट्याने वाढतं. जीवाणूंच्या आजारात ते सहसा बरंच चढतं, साध्या विषाणूत कमी. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं होतं. २०१६ मध्ये निकाल छापून आला: नेहमीच्या गटात ७८ टक्क्यांनी अँटिबायोटिक घेतली होती, सीआरपी केलेल्या गटात ६४ टक्क्यांनी. फरक आहे, पण चमत्कार नाही. आकडा कमी दिसत असतानाही बऱ्याच जणांना औषध मिळालंच. थेंबाने दिलेला दिलासा मनापर्यंत पोचायला वेळ लागतो, डॉक्टरांच्याही आणि रुग्णांच्याही.

आणि सगळ्याच तपासण्या बाटलीतल्या नसतात. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसची साथ आली. गवतातल्या चिमुकल्या किड्याच्या अळीच्या चाव्यातून होणारा हा ताप. त्याचा जंतू पेशीच्या आत राहतो, ताईंच्या कुठल्याही थाळीवर उगवत नाही, आणि वॉर्डात सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रायक्झोन त्याला लागू पडत नाही. स्वस्त, जुनं डॉक्सिसायक्लिन मात्र बहुतेकदा दोन दिवसांत ताप उतरवतं. त्याची खूण? चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली. काखेत, जांघेत, कमरेच्या करदोट्याखाली. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. प्रत्येकात ती असतेच असंही नाही. पण कपडे बाजूला सारून, उजेडात, लाज राखून सगळं अंग तपासलं तर पाच मिनिटांत निदान होतं. एकही रुपया न लागता.

गडचिरोलीत तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या आपल्या संस्थेत याहून अवघड गोष्ट साधली. लहान मुलाला साधी सर्दी की न्यूमोनिया, हे श्वास मोजून ठरतं: २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील तर न्यूमोनियाचा संशय. पण ज्या बाईला साठपर्यंत मोजायची सवय नाही तिने काय करायचं? त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं श्वासमापक बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की औषध. नाही पोचलं तर औषध नको. मला हा "नको" फार मोलाचा वाटतो. आणि पुढे, ३९ गावांत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यदूत बायकांनी नवजात बाळांच्या रक्तातला संसर्ग लक्षणांवरून ओळखला आणि गरजेच्याच बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं. घरातल्या नवजात-सेवेच्या त्या कामात तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात-मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

शुक्रवारी सकाळी मी प्रयोगशाळेत पोचले तेव्हा सात नंबरच्या मुलाची आई डॉक्टरांना वॉर्डाच्या दारातच अडवून उभी होती. "डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले इंजेक्शनं चालूयेत, रात्री परत एकशे तीन होता. मोठं औषध द्या ना. पैशांचं मी बघते." डॉक्टर म्हणाले, "मावशी, अर्धा तास द्या मला."

आत ताईंनी थाळी काळ्या कागदावर धरली. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीच्या अगदी जवळपर्यंत गवत. गेली कित्येक वर्षं विषमज्वरात आपण याच गोळ्या वाटेल तशा वाटल्या, त्याचा हा हिशेब. मुलाला चालू असलेल्या सेफ्ट्रायक्झोनभोवती मात्र मोठं अंगण. आणि को-ट्रायमॉक्साझोलभोवतीही! हे औषध नव्वदच्या दशकात विषमज्वरात कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी ते लिहिणं सोडलं, आणि वर्षानुवर्षं त्याच्याशी गाठच न पडल्यामुळे आज भारतातल्या विषमज्वराच्या बहुतेक जंतूंवर ते पुन्हा चालतं. जंतूंकडून परत मिळवलेलं औषध! मी ते अंगण बराच वेळ बघत राहिले.

डॉक्टरांनी पट्टी स्वतः लावून पाहिली आणि बाहेर आले. "मावशी, मोठं औषध नाही द्यायचं. जे चालू आहे तेच बरोबर आहे, इथे डोळ्यांनी बघितलं मी. विषमज्वरात औषध लागू पडलं तरी ताप उतरायला पाच-सहा दिवस घेतो. अजून दोन दिवस धीर धरा." त्यांनी हे अंदाजाने म्हटलं असतं तर त्या मानल्या नसत्या. आता मावशींचा चेहरा डॉक्टरांच्या आवाजाने सैलावला. केसपेपरवर औषध बदललं नाही.

ताईंनी अंगणांचे मिलिमीटर जाड नोंदवहीत उतरवले. एका जातीचे किमान तीस रुग्णांतले जंतू जमले की त्यातून या रुग्णालयाचा तक्ता बनतो: आपल्या गावातल्या जंतूंवर काय चालतं, काय नाही. पुढच्या वर्षी ज्याची बाटली अजून गढूळ व्हायची आहे त्या पेशंटला पहिलं इंजेक्शन कुठलं द्यायचं, ते या ओळी सांगतील.

मग त्यांनी कपाटातून ती लहान बाटली काढली. खिडकीसमोर धरली. ४८ तास झाले होते. तळाशी तांबडा थर, वर मधासारखं नितळ. एक थेंब थाळीवरही लावून बघितला होता, तिथेही काही नव्हतं. बाळ कालपासून आईच्या अंगावर चांगलं ओढत होतं, रडणं खणखणीत होतं. डॉक्टर वर नवजात कक्षात गेले आणि कव्हर म्हणून चालू असलेल्या ॲम्पिसिलिन, जेंटामायसिन दोन्हींसमोर "बंद" लिहिलं.

सिस्टरनी ओल्या कापसाने चिकटपट्टीची कड भिजवली. हात इतका लहान की पट्टीने अर्धा पंजा झाकला गेला होता. पट्टी हळूहळू सोलत आली, सुई निघाली, सिस्टरनी अंगठ्याने कापूस दाबून धरला. बाळाने आधी मूठ वळली, मग बोटं एकेक करून उघडली.